पहिला एसी, पहिला उन्हाळा: बिल आटोक्यात ठेवायचं तर सुरुवात कुठून करायची

नागपूरच्या घरात एसी उशिरा येतो. आधी कूलर असतो, त्याच्या वाळ्याच्या ताट्या असतात, होळी झाली की त्या बदलायचा कार्यक्रम असतो. आमच्याकडेही तसंच होतं. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, झोपायची खोली पश्चिमेला, आणि एका मे महिन्यात कूलरने हात टेकल्यावर दीड टनाचा एसी आला. पुढच्या महिन्यात बिल आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, आणि रिमोट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ते कुलूप निघायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. त्या काळात आणि पुढे जे कळलं ते पायरीपायरीने सांगतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: एसी थंडी बनवत नाही. तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. होडीत पाणी शिरत असेल तर माणूस डबा घेऊन उपसतो, पण जरा डोकं असेल तर आधी भोक बुजवतो. बहुतेक लोक रिमोटपासून, म्हणजे डब्यापासून, सुरुवात करतात. आपण भोकापासून करू.

पायरी १: आधी मोजा

मीटरजवळ जा. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘एका युनिटला इतके ठोके’ असा आकडा छापलेला असतो. अनेक घरगुती मीटरवर तो ३२०० असतो, काहींवर वेगळा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त एसी चालू ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर दहा ठोक्यांना किती सेकंद लागतात ते बघा. ३२०० चा मीटर असेल तर ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. जे येईल तितके वॅट एसी त्या क्षणी खातोय. दहा ठोके साडेसात सेकंदांत पडले तर १५०० वॅट. एक तास असाच चालला तर दीड युनिट. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३ कोटी ६० लाखांना त्या आकड्याने भागा आणि आलेलं उत्तर ११,२५० च्या जागी वापरा.

फ्रीज बंद करायचा नसेल तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. आठवडाभर. वहीत, कॅलेंडरवर, कुठेही. यापुढे सांगितलेलं काही केलं की फरक पडला का, हे तुम्हाला बिल यायच्या आधीच कळेल.

बिलाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. महावितरणच्या घरगुती दरांना टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यावर. लोकांना वाटतं की ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण एसीची युनिटं नेमकी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, कारण खालचे टप्पे पंखे, फ्रीज, टीव्ही यांनी आधीच भरलेले असतात. त्यामुळे एसीचं वाचवलेलं युनिट हे घरातलं सगळ्यात महागडं युनिट असतं. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) आणि १६ टक्के विद्युत शुल्कही वाचतं.

पायरी २: ऊन भिंतीच्या आणि काचेच्या बाहेरच अडवा

रात्री नऊ वाजता खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. मग स्टुलावर उभं राहून छताला लावा. आमचं छत त्या वेळी ताज्या भाकरीसारखं लागायचं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ते खाली सोडायला लागतो, मध्यरात्र उलटेपर्यंत. म्हणजे एसी रात्रभर जी उष्णता उपसत होता ती दुपारचीच होती.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खर्चाचा पहिला रुपया गच्चीवर घालावा. सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा: पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं अशीच पांढरी करायला घेतली. चुना टिकावा म्हणून त्यात डिंक किंवा बाजारात मिळणारं चिकटद्रव्य घालतात, दोन हात देतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराच धुऊन जातो. म्हणजे दर मार्चला पुन्हा. कळीचा चुना घरी भिजवणार असाल तर सांभाळून, तो पाण्यात पडला की उकळतो आणि डोळ्यात उडाला तर दवाखाना. त्यापेक्षा विझवलेला चुना आणा. गच्चीसाठी उष्णता परतवणारे तयार रंगही मिळतात, महाग आहेत पण काही वर्षं टिकतात. गच्चीवर आधीच पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असेल तर ती नुसती घासून धुवा, काळवंडलेली असेल तर तिचा अर्धा उपयोग गेलेला असतो.

गच्ची सोसायटीची असेल तर सभेत विषय मांडावा लागतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणतात. आमच्याकडे वरच्या चार घरांनी वर्गणी काढली.

खिडकीचं गणित वेगळं. जाड पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तोच अडथळा बाहेर हवा. बांबूची चटई, हिरवी शेडनेट, जुनी ताडपत्री, काहीही, पण काचेच्या बाहेर आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मधून हवा खेळते. नेट खिडकीवर ताणून चिकटवू नका. ज्यांना बाहेर काही टांगता येत नाही, म्हणजे बहुतेक भाडेकरू, त्यांनी आतून पांढऱ्या अस्तराचा पडदा लावावा. काहीच नसण्यापेक्षा बरा.

पायरी ३: गळती शोधा, उदबत्ती घेऊन

ही माझी आवडती पायरी, कारण खर्च जवळपास शून्य. एसी आणि पंखा दोन्ही बंद करा, दारं-खिडक्या लावा, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा असेल तर तेवढा चालू ठेवा आणि बाथरूमचं दार उघडं ठेवा. मग पेटती उदबत्ती हळूहळू खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या फटीवरून, स्विचबोर्डावरून फिरवा. धूर जिथे वाकतो तिथून हवा येते.

आमच्याकडे तीन जागा सापडल्या. दाराखालची फट, कारण नव्या फ्लॅटमध्ये उंबरा नसतो. एसीची तांब्याची नळी भिंतीतून बाहेर जाते ते भोक, जे बसवणाऱ्याने ‘नंतर बुजवतो’ म्हणून तसंच सोडलं होतं. आणि सरकत्या खिडकीचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात ती उभी रेघ. दाराला खालून लावायची रबरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, भोक पुट्टीने बंद झालं, खिडकीला ब्रशची पट्टी लागली.

चौथी जागा मात्र उदबत्तीशिवाय दिसायला हवी होती: खोलीला लागून असलेलं बाथरूम. तिथल्या खिडकीला काचेच्या उघड्या पट्ट्या, आणि बाथरूमचं दार रात्रभर अर्धवट उघडं. आम्ही एसीने बाथरूम आणि त्यातून सगळी वस्ती थंड करत होतो.

खोलीत उष्णता तयार होणंही थांबवा. एक स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता देतो, त्याला इलाज नाही. पण इस्त्री, डेस्कटॉप कॉम्प्युटर, आणि उन्हाळ्यातही काही घरांत एसीच्या खोलीत वाळत घातलेले ओले कपडे यांना बाहेर काढता येतं. कपड्यातलं पाणी हवेत जातं आणि ते पुन्हा पाणी करून नळीतून बाहेर सोडायला एसीलाच राबावं लागतं.

पायरी ४: मशीन स्वच्छ ठेवा, आणि गॅसच्या गोष्टीला फसू नका

आतल्या युनिटचं झाकण उघडलं की दोन जाळ्या निघतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढा, धुळीच्या उलट बाजूने नळाखाली धरा, सावलीत वाळवा, परत लावा. रस्त्यालगत घर असेल तर दर आठवड्याला. जाळी तुंबली की हवा कमी येते, खोली गार व्हायला वेळ लागतो आणि माणूस तापमान आणखी खाली आणतो.

बाहेरच्या युनिटला कोणी विचारत नाही. उपसलेली सगळी उष्णता बाहेर फेकण्याचं काम त्याचं, आणि त्यासाठी त्याला मोकळी हवा लागते. ते गॅलरीच्या कोपऱ्यात, समोर कपड्यांचा स्टँड आणि वर जुनं सामान अशा अवस्थेत असेल तर स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतं. त्यावर सावली केली तर चांगलंच, पण पंख्यासमोर काही येऊ देऊ नका. आमच्या इमारतीशेजारी सावरीचं मोठं झाड आहे. एप्रिलात बोंडं फुटली की कापूस उडतो आणि युनिटच्या मागच्या जाळीवर गोधडीसारखा थर जमतो. मुख्य स्विच बंद करून मऊ ब्रशने आणि साध्या नळीच्या पाण्याने तो काढता येतो. जोराचा फवारा नको, पातळ पत्रे वाकतात. आणि युनिट बाहेरच्या छज्जावर असेल तर स्वतः उतरू नका. मेकॅनिकलाही दोर बांधल्याशिवाय उतरू देऊ नका.

आता गॅस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो आणि एसीचं आयुष्य संपेपर्यंत तोच राहू शकतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. एका मेकॅनिकने माझ्याकडे सलग दोन उन्हाळे गॅस भरून पैसे नेले. तिसऱ्या वर्षी दुसरा माणूस आला, त्याने सांध्यांवर साबणाचा फेस लावला, एका नटाजवळ बुडबुडे आले, त्याने तो सांधा नव्याने केला आणि मग गॅस भरला. त्यानंतर भरावा लागलेला नाही. तेव्हा ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: गळती कुठे आहे, दाखवा. गॅस भरायची पाळी आलीच तर मशीनवरच्या पट्टीवर लिहिलेलाच गॅस भरून घ्या. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२ असतो, जुन्यांत आर-२२, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पायरी ५: आता रिमोट हातात घ्या

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी कारखान्यातून २४ अंशांवर लावलेले यावेत असा नियम आहे. हे लेबल देणारा बीईई, म्हणजे केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, सांगतो की तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. यामागे जादू नाही. बाहेर ४५ आणि आत १८ असेल तर फरक २७ अंशांचा. आत २६ ठेवलं तर १९ चा. भिंतींतून आणि छतातून आत शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते.

१६ वर लावलं की लवकर गार होतं, हाही समजच. जुन्या, साध्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे उपसणाऱ्या पंपाचा, वेग एकच असतो, तुम्ही १६ लावा की २४, तो तितकंच उपसतो. फक्त १६ वर तो थांबायचं नाव घेत नाही. इन्व्हर्टर एसी तापलेल्या खोलीत सुरुवातीला आपोआपच जोरात चालतो, आणि खोली गार होत आली की वेग कमी करून अगदी थोड्या विजेवर तग धरतो. बचत त्या मंद चालण्यातच आहे. १६ लावून तुम्ही त्याला मंद होऊच देत नाही.

आमच्या घरातला रात्रीचा क्रम सांगतो. झोपण्याआधी अर्धा तास दार-खिडकी उघडून पंखा जोरात, म्हणजे दिवसभर कोंडलेली हवा बाहेर जाते. संध्याकाळनंतर बंद खोली बाहेरपेक्षा जास्त तापलेली असते. मग सगळं बंद, एसी २६ वर, छताचा पंखा एक किंवा दोनवर. अंगावरून हवा फिरली की २६ सुद्धा २४ सारखं वाटतं. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आसपास, म्हणजे एसीच्या मानाने किरकोळ. रात्री स्लीप मोड, जो तापमान दर तासाला थोडं थोडं वाढवतो, कारण झोप लागल्यावर शरीराला तितका गारवा नको असतो. पहाटे चारला टायमरने एसी बंद, पंखा चालू. पाचला आई उठते आणि खिडक्या उघडते. नागपुरात मे महिन्यात गार हवा मिळाली तर त्याच दोन-तीन तासांत. आठला खिडक्या पुन्हा बंद.

अर्ध्या तासासाठी खोलीबाहेर जाताना एसी बंद करायची घाई करू नका, त्यात फार फरक पडत नाही. दोन तास जाणार असाल तर बंद करा. उन्हाळा संपल्यावर मुख्य स्विचच बंद ठेवा.

बचतीत एक अपवाद. नागपूरचं २३ मे २०१३ चं तापमान ४७.९ होतं. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा आजारी कोणी असेल तर दुपारचा एसी ही चैन नाही, तिथे युनिटं मोजू नका. बाबांच्या खोलीत तेव्हा दुपारी १ ते ४ एसी चालतो, आणि आता रिमोट त्यांच्याच उशाशी असतो.

कूलर विकू नका. किंवा मुंबईत असाल तर घेऊच नका

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथली उन्हाळी हवा कोरडी असते. पाणी झपाट्याने वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलर चालतो, आणि तोही साधारण दोनशे वॅटवर. एप्रिलभर कूलरवर भागवा, दिवसा बैठकीत कूलरच ठेवा, एसी रात्री एका खोलीत. फक्त दोन्ही एकत्र लावू नका. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी ते काढत बसतो, आणि तुम्ही दोघांचंही बिल भरता. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे उलट. हवेत आधीच ओल असते, कूलर नुसती चिकचिक वाढवतो. तिथे एसीचं बरंचसं काम हवा कोरडी करण्याचं असतं. खात्री करायची तर पाण्याच्या नळीखाली बादली ठेवा: मुंबईत रात्रभरात किती भरते बघा, आमच्याकडे मे महिन्यात मगभर निघणंही मुश्कील. (ते पाणी फरशी पुसायला चालतं. वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.) म्हणून किनाऱ्यावर रिमोटवरचा ड्राय मोड वापरून बघा, त्यावर थेंबाचं चित्र असतं. पावसाळी रात्री, जेव्हा उकाड्यापेक्षा घाम जास्त छळतो, तेव्हा तो कमी विजेत काम भागवतो. भर मे महिन्यातल्या दुपारी मात्र कूलच लावा. मृग लागून पाऊस पडला की आमचाही कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा आम्हीही थेंबावर जातो.

पुणे-नाशिककरांना सांगायचं तर त्यांच्या बऱ्याच उन्हाळी रात्री दहानंतर खिडकी उघडून पंख्यावर निभतात. आधी ते करून बघा.

अजून घ्यायचाच असेल तर

इन्व्हर्टर एसी घ्या, यावर आता वाद नाही. टनाचा हिशेब खोलीवर: साधारण १२० चौरस फुटांना एक टन, १५० ते १८० ला दीड, वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर थोडा वरचा आकडा. टन म्हणजे वजन नव्हे, तासाला किती उष्णता उपसतो त्याचं माप; एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट.

लेबलवर ताऱ्यांच्या आधी दोन गोष्टी वाचा. एक, वर्ष. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा कालचा पाच तारेवाला चारवर आला. दुकानात जुना साठा स्वस्तात मिळतो तो यामुळेही. दोन, वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा. तो वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. समजा एकावर ७५० लिहिलंय आणि दुसऱ्यावर १०००. फरक २५० युनिटांचा, पण तुम्ही १६०० तास वापरलात तरच. चार महिने रोज रात्री आठ तास म्हणजे हजारभर तास होतात, म्हणजे फरक दीडशे युनिटांचा. त्याला तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा आणि दोन मशीनच्या किमतींतल्या फरकाशी ताडून बघा. रोज झोपायच्या खोलीला पाच तारे बहुधा काही वर्षांत फिटतात. वर्षातून दहा दिवस पाहुण्यांसाठी उघडणाऱ्या खोलीला तीन तारे भरपूर झाले, आणि उरलेल्या पैशांत गच्चीला चुना बसतो.